अर्हता आराखडा: स्तर लिहून संपत नाही असे काम

शहादा तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. राष्ट्रीय अर्हता आराखडा, म्हणजे देशातील पात्रता-प्रमाणपत्रे स्तरांनुसार मांडणारी चौकट, प्रत्यक्षात कसा घडतो? त्यातील स्तर कशाच्या आधारे ठरतात? आणि केळी, मिरची, कापूस व हंगामी स्थलांतर यांवर चालणाऱ्या आपल्या खान्देशात, शाळा लवकर सुटलेल्या माणसाला या आराखड्याच्या आधाराने पुन्हा शिक्षणात येता येईल का? कौशल्य-अर्हता तयार करणे आणि उमेदवारांचे मूल्यमापन करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आराखड्यातील सर्वांत सोपा भाग म्हणजे स्तरांचा तक्ता, आणि दुर्दैवाने आपल्याकडे बहुतेक चर्चा त्या तक्त्याभोवतीच फिरते. स्तर किती असावेत, आयटीआय कुठे बसवावी, पदविका कुठे, यावर समित्या महिनोन्‌महिने घालवतात. तक्ता महत्त्वाचा आहे, पण त्यातील एखाद्या स्तराचे प्रमाणपत्र हाती असलेल्या माणसाला मालक कामावर घेताना आणि महाविद्यालय प्रवेश देताना ते प्रमाणपत्र खरे मानतात का, यावर आराखडा टिकतो किंवा पडतो. हा विश्वास निर्माण करण्याचे काम अध्ययन निष्पत्तींच्या (शिकल्यावर उमेदवाराला नेमके काय करता यायला हवे, हे सांगणाऱ्या वाक्यांच्या) लेखनात, मूल्यमापनात आणि पुढच्या संस्थेशी केलेल्या करारात होते. माझे उत्तर त्यामुळे मुख्यतः या तीन ठिकाणी रेंगाळणार आहे.

आधी आजची स्थिती थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा 27 डिसेंबर 2013 रोजी अधिसूचित केला. त्याआधी मनुष्यबळ विकास आणि श्रम या दोन मंत्रालयांचे स्वतंत्र आराखडे होते, आणि एकाच कामाची दोन मोजमापे तयार होण्याचा धोका होता. 2013 च्या आराखड्यात दहा स्तर होते. प्रत्येक स्तराचे वर्णन कामाचे स्वरूप, व्यावसायिक ज्ञान, व्यावसायिक कौशल्य, मूलभूत कौशल्य आणि जबाबदारी या पाच बाजूंनी केलेले होते. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची स्थापना अधिसूचित झाली आणि ऑगस्ट 2020 पासून ती काम करू लागली. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना मान्यता देणे व त्यांच्यावर देखरेख ठेवणे हे तिचे काम. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यार्थ्याचे श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या प्रमाणाचे एकक) साठवणाऱ्या शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम काढले, आणि एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्याच वर्षी कौशल्य आराखड्याचे स्तर दहावरून आठ करण्यात आले, आणि मधल्या गरजांसाठी अर्ध्या स्तरांची सोय ठेवली गेली. आज दहावी स्तर 3 वर, बारावी 4 वर, तीन वर्षांची पदवी 5.5 वर आणि पीएच. डी. 8 वर आहे. शालेय, उच्च आणि व्यवसाय शिक्षण प्रथमच एका मोजपट्टीवर आले, ही या सर्व घडामोडींतील खरी उपलब्धी आहे आणि ती लहान नाही.

आता स्तर कसा ठरतो ते पाहू. अभ्यासक्रम किती महिन्यांचा आहे किंवा प्रवेशासाठी किती शिक्षण लागते, यावरून स्तर ठरवण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. ती मोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्तर ठरतो तो माणसाला कामात किती निवडी स्वतः कराव्या लागतात, परिस्थिती किती बदलते, चूक झाली तर नुकसान किती आणि इतरांच्या कामाची जबाबदारी त्याच्यावर किती आहे, यावरून.

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातील निर्यातीच्या केळीचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या शहाद्याच्या केळीलाही लागू पडते. पॅकहाऊसमध्ये सांगितलेल्या आकाराच्या फण्या वेगळ्या करून पाण्यात चीक धुणारी व्यक्ती ठरलेले काम ठरलेल्या पद्धतीने करते. काम कष्टाचे आणि कौशल्याचे आहे, पण निर्णय दुसऱ्याचे असतात. बागेत फळाची निगा राखणारी व्यक्ती मात्र घड निसवल्यानंतर (झाडातून बाहेर पडल्यानंतर) केळफूल कधी मोडायचे, खालच्या किती फण्या काढायच्या, पिशवी कधी चढवायची, हे झाडाकडे पाहून ठरवते. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेत आणि पावसाळा संपताना लावलेल्या कांदेबागेत तिचे निर्णय बदलतात, कारण ऊन, थंडी आणि वारा वेगळे असतात. ही वरची पातळी झाली. काढणीला घड तयार आहे की नाही हे निसवणीपासूनचे दिवस आणि बोटाची जाडी मोजून ठरवणारा, तोडणी करणाऱ्या टोळीकडून घड जमिनीला न टेकवता गाडीपर्यंत पोहोचवून घेणारा, आणि माल 13 ते 14 अंश सेल्सिअसच्या आसपास का ठेवावा लागतो हे नव्या माणसाला समजावून सांगणारा मुकादम त्याहून वर जातो, कारण त्याच्या एका चुकीने पूर्ण कंटेनर नाकारला जाऊ शकतो. या तिघांपैकी कुणी किती शाळा शिकली हा प्रश्न इथपर्यंत आलेलाच नाही, आणि स्तर ठरवताना तो येऊही नये. अनेकदा सर्वांत कमी शिकलेला माणूसच सर्वांत वरच्या स्तराचे काम करत असतो. आराखडा प्रामाणिकपणे वापरला तर हे सत्य कागदावर येते, आणि मला या कामाची ओढ वाटते ती याच कारणासाठी.

स्तर ठरल्यावर अध्ययन निष्पत्ती लिहाव्या लागतात, आणि बहुतेक अर्हता इथे कच्च्या राहतात. 'केळीवरील रोगांची माहिती असणे' ही निष्पत्ती नव्हे, कारण ती तपासता येत नाही. 'बागेतील पानांवरून करपा आणि कुकुंबर मोझॅक विषाणूची लक्षणे वेगळी ओळखणे, विषाणूग्रस्त झाड मुळासकट काढून नष्ट करणे, आणि शेजारच्या झाडांची पाहणी किती अंतराने करावी हे कारणासह सांगणे' ही निष्पत्ती आहे, कारण दोन वेगवेगळे परीक्षक एकाच उमेदवाराकडे पाहून एकच निकाल देऊ शकतात. लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला मी हीच कसोटी लावतो. दोन अनोळखी परीक्षकांचे त्यावर एकमत होणार नसेल तर ते वाक्य कितीही भारदस्त असले तरी काढून टाकावे. निष्पत्ती फार बारीक तुकड्यांतही लिहू नयेत. दक्षिण आफ्रिकेने 1995 च्या कायद्यानंतर आराखडा उभारताना हजारो लहान लहान मानके लिहून घेतली, आणि त्यांतील बहुसंख्य मानकांवर कधी कुणी शिकवले नाही की प्रमाणपत्र घेतले नाही. पुढे 2008 मध्ये त्यांना कायदाच नव्याने करावा लागला. स्कॉटलंडने 2001 मध्ये वेगळी वाट धरली. तेथे आधीपासून चालू असलेल्या, लोकांच्या परिचयाच्या अर्हताच बारा स्तरांवर बसवल्या गेल्या, आणि विद्यापीठे, महाविद्यालये व परीक्षा संस्था या सर्वांना भागीदार करून घेतले गेले. मला दुसरी वाट आपल्या परिस्थितीला अधिक जवळची वाटते. राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत, म्हणजे मान्य अर्हतांच्या अधिकृत यादीत, शेती, वीज, वाहन दुरुस्ती या क्षेत्रांतील बऱ्याच अर्हता आधीच आहेत. महाविद्यालयाने नवी अर्हता लिहायला बसण्यापूर्वी ती नोंदवही काळजीपूर्वक चाळावी, आणि आपल्या भागातील काम त्यात खरोखर बसत नसेल तरच नव्याने लिहावे.

निष्पत्ती लिहिण्याच्या बैठकीला कोण बसते यावर त्यांचा दर्जा अवलंबून असतो. केवळ प्राध्यापक बसले की अभ्यासक्रम तयार होतो आणि केवळ उद्योजक बसले की त्या एका कंपनीच्या कामाची यादी तयार होते. ते काम रोज करणारी दोन-तीन माणसे, त्यांना कामावर ठेवणारे वेगवेगळ्या आकाराचे मालक, विषयाचा जाणकार (केळीच्या बाबतीत जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ सहज उपलब्ध होऊ शकतात) आणि या अर्हतेनंतर विद्यार्थी जिथे जाईल त्या संस्थेचा प्रतिनिधी, एवढे जण हवेतच. शेवटचा माणूस नेहमी विसरला जातो, आणि त्याची किंमत पुढे उमेदवार मोजतो.

आता मूल्यमापन. जळगावच्या सराफ बाजारात ग्राहक दागिन्याच्या शुद्धतेवर विश्वास ठेवतो, कारण हॉलमार्कची तपासणी विकणाऱ्याने न करता मान्यताप्राप्त तपासणी केंद्राने केलेली असते, आणि तिचे निकष विकणाऱ्याला बदलता येत नाहीत. कौशल्याच्या प्रमाणपत्राला हाच नियम लागतो. ज्या संस्थेने शिकवले, आणि उत्तीर्णांच्या संख्येवर जिचे अनुदान अवलंबून आहे, तिनेच अंतिम मूल्यमापन केले तर वर्षभरात ते प्रमाणपत्र बाजारात निरुपयोगी ठरते. परिषदेने प्रमाणपत्र देणारी संस्था आणि मूल्यमापन करणारी संस्था यांच्यात भेद केला आहे तो याच हेतूने. पण कागदावरचा भेद पुरेसा नाही. मी पाहिलेल्या काही शिबिरांमध्ये अनुभवी कामगारांना अर्ध्या दिवसाची ओळख करून दिली गेली, टॅब्लेटवर बहुपर्यायी प्रश्न सोडवून घेतले गेले आणि जवळजवळ सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली. त्या कामगारांची मजुरी वाढली नाही, कारण मालकाला त्या कागदातून नवे काहीच कळले नव्हते. अशा शिबिराने प्रामाणिक कामगाराचेच नुकसान होते, कारण त्याचे प्रमाणपत्र आणि काम न येणाऱ्याचे प्रमाणपत्र यांत मग फरक उरत नाही.

आपल्या प्रश्नाचा गाभा, म्हणजे पूर्वशिक्षणाची मान्यता, इथेच येतो. शाळेबाहेर, कामावर, घरात, वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली जे शिकले गेले ते तपासून त्याला स्तर आणि श्रेयांक देणे, असा तिचा अर्थ. बहुतेक आराखडेकारांनी ही गोष्ट शेवटी ठेवली; आधी संस्थांचे अभ्यासक्रम बसवायचे आणि मग वेळ उरला तर अनुभवी माणसांकडे पाहायचे. खान्देशासारख्या भागात क्रम उलटा हवा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्याकडे कौशल्याचा मोठा साठा संस्थांच्या बाहेर आहे. भुसावळच्या रेल्वेभोवती वाढलेल्या छोट्या वर्कशॉपमध्ये, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या गॅरेजमध्ये, जळगावच्या डाळ मिल आणि चटई कारखान्यांत, नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर (मिरची वाळवण्याच्या मैदानावर) तो आहे.

या मान्यतेची तपासणी कामाच्या जागी व्हावी. गॅरेजमधल्या मेकॅनिकला वर्गात बसवून इंजिनाची आकृती काढायला सांगू नये. बिघाड असलेले वाहन समोर ठेवावे, त्याने आवाज ऐकून काय ओळखले, काय आधी तपासले, काय तपासायचे टाळले आणि का, हे विचारावे. परीक्षकाला अहिराणी कळावी, आणि अक्कलकुवा-धडगाव भागात भिली किंवा पावरी बोलणारा दुभाषी तरी सोबत असावा. बाहेरून आलेला परीक्षक हिंदीत किंवा पुस्तकी मराठीत प्रश्न विचारतो, उमेदवार गप्प राहतो, आणि गप्प राहणे म्हणजे न येणे असे नोंदले जाते. यात मोजले जाते ते भाषेचे अंतर, कौशल्य नव्हे. वेळेचेही तसेच आहे. ऊसतोडीला गुजरातेत किंवा अन्यत्र जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गावात नसतात, त्यामुळे जानेवारीत लावलेल्या तपासणीला येतात ते गावात राहू शकलेले लोक, म्हणजे ज्यांना तिची गरज तुलनेने कमी आहे तेच. नंदुरबार जिल्ह्यात हे काम पावसाळ्यात, दसऱ्याच्या आत उरकलेले बरे. तपासणीत जो कमी पडला त्याला नापास म्हणून घरी पाठवू नये. कोणत्या निष्पत्ती आल्या आणि कोणत्या राहिल्या हे लिहून द्यावे, आणि राहिलेल्यांपुरतेच छोटे प्रशिक्षण द्यावे. आलेले पुन्हा शिकायला लावणे हा त्याच्या बुडालेल्या रोजाचा अपव्यय आहे.

श्रेयांकांबद्दल एक गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर थोडे थांबावे लागेल. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अध्ययनाचे 30 तास म्हणजे 1 श्रेयांक, आणि वर्षाचे 1,200 तास म्हणजे 40 श्रेयांक. या तासांत वर्गाबरोबर प्रात्यक्षिक, कामाच्या जागचे शिक्षण, स्वाध्याय आणि मूल्यमापनही धरले जाते. म्हणजे 390 तासांच्या पॅकहाऊस अभ्यासक्रमाचे 13 श्रेयांक होतात. पण 13 श्रेयांक मिळाले म्हणून ते पदवीच्या पहिल्या वर्षाच्या 40 मधून आपोआप वजा होत नाहीत. श्रेयांक शिकण्याचे प्रमाण सांगतात, स्तर शिकण्याची उंची सांगतो, आणि पदवीचे पहिले वर्ष 4.5 स्तरावर आहे. स्तर 3 वरचे श्रेयांक कितीही साठवले तरी 4.5 वरच्या श्रेयांकांची जागा घेत नाहीत. कामाचा अनुभव आणि प्राविण्य यांसाठी मिळवलेल्या श्रेयांकांना जास्तीत जास्त दुप्पट भार देण्याची तरतूद आहे. ती अनुभवी माणसाच्या बाजूची आहे, आणि महाविद्यालयांनी ती वापरावी. पण तो भार द्यायचा की नाही आणि किती, हे ठरवण्यासाठी पुन्हा विश्वासार्ह मूल्यमापनच लागते.

श्रेयांक बँकेच्या 2021 च्या विनियमांत श्रेयांकांची मुदत साधारणपणे कमाल सात वर्षांची ठेवलेली आहे. झपाट्याने बदलणाऱ्या तंत्रविषयांत ती समजण्यासारखी आहे. परंतु बारावीनंतर एक वर्ष शिकून लग्न झालेली, मुले मोठी झाल्यावर दहा-बारा वर्षांनी परत येऊ इच्छिणारी बाई डोळ्यासमोर आणली की ही मुदत तिच्या आड येते. 'आयुष्यभर शिक्षण' असे धोरणात लिहायचे असेल तर मुदत संपलेल्या श्रेयांकांना पुनर्मूल्यमापनाने जिवंत करण्याची सोपी, कमी शुल्काची वाट प्रत्येक विद्यापीठाने ठेवली पाहिजे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दहावी-बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाचे दार अनेक वर्षे उघडे ठेवले होते, आणि त्या दारातून आलेल्या प्रौढांनी पुढे पदवी घेतली. त्यामुळे आपल्याकडे असे होऊ शकत नाही, असे कुणी म्हणू नये.

परवान्याचा मुद्दा थोडक्यात. अर्हता आणि परवाना वेगळे आहेत. साक्री भागात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आल्यापासून तेथील तरुण विजेच्या कामाच्या प्रमाणपत्रांकडे वळले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण कौशल्याचे प्रमाणपत्र मिळाल्याने वीज जोडणीचे काम स्वतंत्रपणे करण्याचा कायदेशीर परवाना मिळत नाही. प्रवेश देतानाच हे लेखी सांगावे.

महाविद्यालयाने काय करावे याबद्दल माझा सल्ला असा. एकदम वीस अभ्यासक्रम सुरू करू नयेत. एकच काम निवडावे. आपल्या तालुक्यात ते केळीची फळनिगा आणि पॅकहाऊस हे असावे, कारण मालक जवळ आहेत, मागणी आहे आणि अनुभवी माणसे गावागावांत आहेत. नोंदवहीतील जवळची अर्हता घ्यावी, मान्यताप्राप्त प्रमाणपत्र संस्थेशी जोडून घ्यावे आणि पहिली तुकडी नवशिक्यांची न घेता अनुभवी कामगारांच्या पूर्वशिक्षण मान्यतेची घ्यावी. त्यांच्यातून जे वर येतील त्यांना पुढे सहपरीक्षक म्हणून तयार करता येते, आणि स्थानिक, बोली जाणणारे परीक्षक मिळवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. त्याच वेळी, म्हणजे पहिली तपासणी होण्यापूर्वीच, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संबंधित अभ्यास मंडळाकडे लेखी प्रस्ताव द्यावा. त्यात 4.5 किंवा त्यावरील कोणत्या निष्पत्तींचे किती श्रेयांक कोणत्या पदवीच्या कोणत्या घटकासाठी स्वीकारले जातील, हे नावानिशी लिहिलेले असावे. 'योग्य तो विचार केला जाईल' असे उत्तर आले तर ते उत्तर मानू नये; घटकाचे नाव आणि श्रेयांकांचा आकडा मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. खालच्या स्तरांवरील उमेदवारांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावी-बारावीची वाट जोडून घ्यावी, म्हणजे स्तर 3 वर थांबलेल्या माणसाला पुढचा टप्पा दिसतो.

शुल्क आणि नोंदी यांचा बंदोबस्त मात्र पहिल्या दिवसापासून हवा. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि श्रेयांक बँकेचे खाते यांतील नावांत फरक असणे आपल्या भागात नित्याचे आहे; विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या आणि जन्मतारीख अंदाजे लिहिलेल्या आदिवासी उमेदवारांच्या बाबतीत. खाते जुळले नाही तर मिळालेले श्रेयांक कुणाच्याच नावावर जमा होत नाहीत. यासाठी महाविद्यालयात एक लिपिक केवळ या कामाला नेमावा, आणि नावदुरुस्तीची कागदपत्रे तपासणीच्या तारखेआधी किमान दोन महिने गोळा करायला सुरुवात करावी.